मापाचा ड्रेस

मोह पडायला लागला की आईच्या दुकानात त्याचा वास आधी येतो आणि गिऱ्हाईक मागून. कुरखेड्याकडच्या जंगलपट्टीतल्या बायका उजाडायच्या आत झाडाखाली वाकून फुलं वेचतात, अंगणात वाळत घालतात, आणि मग घरातल्या लग्नाचं कापड पिशवीत घालून बसने ब्रह्मपुरीला येतात. त्यांच्या लुगड्यात, केसांत, पिशवीच्या बंदांतसुद्धा तो गोड, जड, किंचित आंबूस वास मुरलेला असतो. पंखा फिरला की दुकानभर होतो. मी शाळेत मराठी शिकवते, पण पेपर तपासून झाले की उन्हाळाभर आईच्या दुकानात हुक लावत बसते. लहानपणापासूनची सवय आहे, सुटत नाही. आणि हा वास आला की मला एक जुना उन्हाळा आठवतो, मी बी. ए.ला होते तेव्हाचा.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक पायमशीन, एक कपाट, कापायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात फुलाफुलांचा पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. पडद्यामागे एक आरसा आहे. त्याचा खालचा तुकडा उडालेला आहे, त्यामुळे त्यात कोणालाच आपले पाय दिसत नाहीत. बाहेर पाटी नाही. शेवंताबाईचं दुकान म्हटलं की रिक्षावाला आणून सोडतो. लगीनसराईत आईचं जेवण मशीनवरच होतं, आणि कोणी तिला चार शब्द जास्त बोललं तर तोंडात टाचण्या असल्याने ती फक्त भुवया उडवते.

यंदा मोहाच्या वासात एक दुसरा वास मिसळला, महागड्या अत्तराचा. प्राची आली होती. आमच्याच गल्लीतली पोरगी, नागपूरला शिकायला गेली ती पुढे मुंबईला, आणि आता कॅमेऱ्यासमोर साड्या नेसणं हा तिचा धंदा आहे. बसस्टँडसमोर तिचा भला मोठा फोटो लागलाय, कोशाच्या रेशमी साडीतला. वडशाच्या गाडीची वाट पाहणारे लोक त्या फोटोच्या सावलीत बसून भजी खातात. चुलत बहिणीच्या लग्नाला आली आणि ब्लाउज घेऊन थेट आईकडे. ती पडद्यामागे उभी राहिली तेव्हा मी हातातलं हुक टोचून घेतलं, खरंच सांगते. मान, खांद्याची हाडं, पाठीचा कणा, सगळं इतकं रेखीव की नजर कुठे ठेवावी कळेना. माणसाचं शरीर असंही असू शकतं, या विचारानेच मी थक्क झाले. मत्सर नाही वाटला. पहाटे धुक्यात वैनगंगा पाहून कोणी नदीचा मत्सर करत नाही.

आणि त्या शरीराने तोंड उघडून म्हटलं, "काकू, बाह्या कोपरापर्यंत घ्या ना. माझे दंड फार जाड दिसतात."

आईने टाचण्या तोंडातून काढल्या. तिचा दंड धरून नीट वरखाली पाहिलं. "कुठी हायेत वं दंड? दिसू तं दे पहिले."

प्राची हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "कॅमेऱ्यात दिसतात काकू. तिथं सांगतात ना."

"कोण सांगते?"

"सगळेच." ती आरशातल्या स्वतःकडे पाहत होती, आणि ते पाहणं मी फार चांगलं ओळखत होते. आपलं अंग दुसऱ्या कोणाचं तरी आहे आणि आपल्याला ते नाइलाजाने सांभाळायला दिलंय, असं ते पाहणं. मी तिच्या वयाची होते तेव्हा त्याच आरशात मी तसंच पाहायची. फरक एवढाच की माझे दंड खरोखरच जाड होते.

थोराड हा शब्द मी शाळेत शिकण्याआधी घरी शिकले. आत्या म्हणायची, मामी म्हणायची, शेजारची काकू म्हणायची. पोरगी थोराड आहे. खांदे बाबांचे, म्हणजे राइस मिलमध्ये धानाची पोती उचलणाऱ्या माणसाचे. रंग आईचा. दंड कोणाचे ते दोन्ही घराण्यांत कोणी कबूल करत नव्हतं. "नाकीडोळी नीटस हाय, पण..." असं म्हणून पाहुण्या बायका थांबायच्या आणि चहाचा घोट घ्यायच्या. त्या घोटाएवढ्या वेळात मी आत पाण्याला निघून जायची. बेसन, हळद, साय, दुकानातली गोरेपणाची ट्यूब, सगळं करून झालं. तोंड दोन दिवस चिकट राहायचं आणि पुन्हा माझंच व्हायचं.

म्हणून मी मनगटापर्यंत बाह्या घालायची. वैशाखात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात. बाहेर ऊन मी म्हणत असतं, डांबर चपलेला चिकटतं, कूलरसुद्धा दमतो, आणि मी गळ्यापर्यंत बंद, हातभर बाह्यांचा ड्रेस घालून वर ओढणी लपेटून कॉलेजला निघालेली. पाठीवर घामोळ्यांचं शेत. मैत्रिणी म्हणायच्या, "अवं, मरशील एखाद्या दिवशी." मी म्हणायची, मला ऊन सहन होत नाही, हात भाजतात. हे लोकांना पटायचं. मलाही पटत आलं होतं.

आईच्या टेबलावर ब्लाउजच्या डिझाइनचं एक पुस्तक असायचं. गुळगुळीत पानं, पानापानावर एकेक मुलगी, पाठमोरी किंवा अर्धी वळलेली, वेगवेगळे गळे दाखवत. बहुतेकींचे चेहरे पानाच्या वरच कापलेले. मला चेहऱ्यांची गरजही नव्हती. मी दुपारी दुकान रिकामं असलं की ते उघडून बसायची आणि त्या पाठी पाहायची. किती गोऱ्या, किती निरुंद, किती तक्रार नसलेल्या. एकीलाही घामोळं नाही. पडद्यामागे जाऊन तशीच अर्धी वळून उभी राहायची, श्वास आत ओढून. श्वास किती वेळ ओढून धरणार? सुटला की पुन्हा मीच.

त्यातच आईने नागपूरहून पुतळा आणला. कमरेपर्यंतचा, प्लास्टिकचा, गुलाबीसर गोरा. बसमध्ये तो आईच्या मांडीवर बसून आला. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्या पाहुणीचं अर्धं तिकीट लागते." दुकानात दाराशी ठेवला आणि गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. अडचण अशी झाली की आईने शिवलेला एकही ब्लाउज त्याला होईना. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणीच तेवढं बारीक नव्हतं. मग आईने युक्ती काढली. ब्लाउज घालायचा, मागून मूठभर कापड गोळा करायचं आणि कपड्यांचे चिमटे लावायचे. समोरून पाहिलं तर सुरकुती नाही. ते चिमटे रोज सकाळी मीच लावायची, आणि तरी कॉलेजातून परत येताना रस्त्यावरून पुतळा दिसला की मला वाटायचं, कसं बसलंय बघा हिच्या अंगाला. स्वतःच्या हाताने लावलेले चिमटे मी चौकापर्यंत जाऊन येईस्तोवर विसरायची.

हे मी परवा प्राचीला सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. तिने फोनमधला एक फोटो उघडून दाखवला, बसस्टँडवरचाच, पण मागून घेतलेला. कोशाच्या साडीखालच्या ब्लाउजला पाठीवर रांगेने क्लिपा. "मलासुद्धा होत नाही काकू," ती आईला म्हणाली, "मलासुद्धा मागून आवळतात." मी तो फोटो बराच वेळ पाहत राहिले.

मापाचा ड्रेस काय असतो ते सांगायला हवं. लांबच्या गावची बाई दरवेळी माप द्यायला येऊ शकत नाही, म्हणून ती आपला नीट बसणारा एक जुना ब्लाउज कापडाबरोबर पाठवते. शिंपीण तो कापडावर पसरते, खडूने कडा आखते आणि कापते. खुंटीवर असे मापाचे कपडे टांगलेले असतात, ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी टाचून. त्यात एक माझाही होता. पिवळ्या फुलांचा, दहावीतला. शिंपिणीची पोर मी, टेप दिवसभर माझ्याच हाताशी, पण दहावीनंतर तो मी माझ्या अंगाला लागू दिला नाही. आई टेप घेऊन वळली की मी म्हणायची, "मापाचा ड्रेस आहे ना, त्याच्यावरून काप." आई बरं म्हणायची. पिवळा ड्रेस काढायची, पसरायची, खडू फिरवायची. नवा ड्रेस शिवून यायचा तो मला अगदी बरोबर व्हायचा. मुंढ्यात, काखेशी, काचत नव्हता, कमरेत ओढत नव्हता. मला त्याचा केवढा अभिमान! लोक काही का म्हणेनात, दहावीच्या मापात मी अजून बसते. जगात सगळं वाढत होतं आणि मी तेवढी जागच्या जागी होते.

माप घेताना आकडे लिहायला मी आईजवळ उभी राहायची. पडद्यामागे मी जेवढी माणसं पाहिली तेवढी पुढे कुठे पाहिली नाहीत. पाण्याचे हंडे वाहून एक खांदा खाली उतरलेल्या बायका. धानाच्या रोवण्या करून करून पाठीच्या मधोमध खोल पन्हळ पडलेली. पोटावर बाळंतपणांच्या चमकदार रेषा, चुलीच्या भाजल्याचे डाग, दंडावर देवीची लस. दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई आईच्या टेपला कधी भेटलीच नाही. "डावा-उजवा येगळा असतेच," आई म्हणायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायची. आणि गंमत म्हणजे प्रत्येक बाई टेप लागण्याआधी माफी मागायची. पोट जरा सुटलंय बाई. मले छातीच नाई. दंड पाहा कसे झाले. मोठ्या घरची असो, मजुरी करणारी असो, नवरी असो, विहीण असो, त्या पडद्यामागे आलं की आधी माफी. जणू टेप म्हणजे कोणी मोठा साहेब. मी तेव्हा ते ऐकायची आणि मनात म्हणायची, बरोबर आहे, मागायलाच पाहिजे.

माफी न मागणारी एकच बाई मी पाहिली. ती त्या उन्हाळ्यात आली.

कांता माझ्या वर्गात होती. कुरखेड्याच्या पलीकडच्या गोंडांच्या गावातली, हॉस्टेलवर राहून शिकणारी. त्या वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. नवऱ्याकडचे शहरात राहणारे, लग्नात व्हिडिओ काढणार होते. कांता एका दुपारी आपल्या आजीला घेऊन दुकानात आली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, आमच्या आजीले पोलका शिवाचा हाय. तिनं कधी घातला नाई."

आजीचं नाव सोनाबाई. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, छातीवरून घट्ट आवळून मागे खोचलेला पदर, आणि त्यावर काही नाही. तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांना पोलक्याची कधी गरजच पडली नव्हती. दोन्ही खांदे उघडे, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत गोंदण. ठिपक्यांच्या रांगा, झाडं, विंचू, मोर. काळ्याभोर कातडीवर हिरवट-निळ्या रेषा, वयाने कातडी सैल झाली तशा त्याही थोड्या झुकलेल्या. ती दारात उभी राहिली आणि मला उगाच वाटलं की दुकान लहान आहे. मोहाचा वास तर असा, की आईने मशीन थांबवून वर पाहिलं.

सोनाबाईने आधी पुतळ्याकडे पाहिलं. जवळ जाऊन त्याच्या पोटाला हात लावला. "हे कोण हाय वं? जेवत नाई का?"

मग खाली फरशीवर ऐसपैस बसली, माठातलं पाणी प्याली, आणि आईने टेप काढला तशी ताडकन उठली. "हिल्ले, हिल्ले!" म्हणत भिंतीला लागली. हिल्ले म्हणजे नाही, एवढी गोंडी मलाही कळत होती.

"अवं आजी, माप घेऊन राह्यल्या त्या," कांता ओशाळून म्हणाली.

"कायले? आमच्या इथी माणसाले मोजतेत ते मेल्यावर. दोरी लावतेत, मंग खड्डा खांदतेत. जित्या माणसाले मोजत नाईत." तिने आईच्या हातातल्या टेपाकडे बोट दाखवलं. "ते लांबच ठेव बाई."

आईने समजावलं, कांताने समजावलं. सोनाबाई भिंत सोडेना. मी टेबलाशी आकडे लिहायला तयार उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे वळली. मनगटापर्यंतच्या बाह्या, गळ्याशी बंद ड्रेस, घामाने चिकटलेले केस, सगळं तिने सावकाश पाहिलं. "हे पोट्टी तुही का?"

"हाव," आई म्हणाली.

"मंग हिले मोज पहिले. हिले काई झालं नाई तं मंग मले मोज."

माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. मी म्हटलं, "माझं माप आहे आजी. तो बघा, मापाचा ड्रेस."

"ड्रेसले मोजून का होते? तू उभी राह्य."

मी आईकडे पाहिलं. वाटलं, ती सोडवेल. पण आई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिने माझी ओढणी काढून खुर्चीवर ठेवली आणि टेपचं पितळी टोक माझ्या मानेवर टेकवलं. ते इतक्या उन्हाळ्यातही गार लागलं. मग तिची बोटं. वर्षानुवर्षं सगळ्या ब्रह्मपुरीच्या पाठीवरून फिरलेली बोटं माझ्या पाठीवर फिरायची तेवढी राहिली होती. मी हात वर केले. डोळे मिटले. आई कोणत्याही गिऱ्हाइकासारखे आकडे सांगत गेली. खांदा, छाती, कंबर, मुंढा, दंड. कांता माझ्या जागी उभी राहून लिहीत होती. दंडाचा आकडा मी इथे लिहीत नाही, तेवढी सवलत असू द्या.

"आई, चुकलं," मी डोळे उघडून म्हटलं. "इतकं कसं असेल?"

"काई नाई चुकलं."

"मग मापाचा ड्रेस?"

आईने खुंटीकडे बोट दाखवलं. कांताने खुंटीवरून पिवळा ड्रेस काढला आणि माझ्यासमोर धरला. रोज डोळ्यांसमोर खुंटीवर असलेला तो ड्रेस मी त्या वर्षांत एकदाही अंगाला लावून पाहिला नव्हता. एका बारक्या पोरीचा ड्रेस होता तो. खांद्याला धरला तर माझ्या अर्ध्या अंगावर संपत होता. "त्यात आता तुहा एक हात बी जात नाई," आई टेप गुंडाळत म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. म्हणजे ती पिवळा ड्रेस पसरायची ते मला दाखवायला. खडू फिरवायची ती त्याच्या कडेवरून नाही, बाहेरून. दरवेळी थोडं आणखी बाहेरून. टेप न लावता, नुसतं माझ्याकडे जाता-येता पाहून, मी ताट घेऊन बसले असताना, दोरीवर कपडे वाळत घालत असताना. आणि दरवेळी इतकं बरोबर, की मला कधी एक टाका काचला नाही. मी जागच्या जागी नव्हते. मी वाढत होते, आणि माझ्याबरोबर माझ्यापेक्षा गुपचूप आई माझे कपडे वाढवत होती.

मला रडू आलं. आधी लाजेने आलं, मग ते कशाने येतंय तेच कळेना. सोनाबाईला त्याचं काही वाटलं नाही. मी जिवंत आहे एवढं तिने पाहून घेतलं होतं. ती पुढे आली, माझी बाही वर सरकवून दंड दोन्ही हातांनी धरला आणि वळवून वळवून पाहिला. तिचे तळवे खरखरीत होते आणि ऊन ऊन होते.

"केवढी जागा हाय वं," ती म्हणाली. तिच्या आवाजात चक्क हेवा होता. "पुरा मोर बसते ह्याच्यावर. झाड बी बसते." मग स्वतःचा दंड माझ्यापुढे केला. "हे पाह्य. मी लहान होतो तवा माहा हात काडीवानी होता. गोंदनारीनं मोर काढला अन् जागाच सरली. शेपूट अर्धंच राह्यलं. आता मेल्यावर संग हाच येईन, अर्ध्या शेपटाचा."

मी पाहिलं. खरंच, मोराचा पिसारा दंडाच्या वळणावर येऊन मध्येच तुटला होता. गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं, बाकी दागिने इथेच राहतात, असं त्यांच्यात मानतात. या बाईने आयुष्यभर एकच खंत बाळगली होती, की तिचा हात बारीक होता. मी तिच्या दंडाकडे पाहिलं, माझ्या दंडाकडे पाहिलं. त्या पुस्तकातल्या सगळ्या पाठी, तो पुतळा, पाहुण्या बायकांचा चहाचा घोट, हे सगळं ज्या जगात खरं होतं त्याच्या इतक्या जवळ, एका बसच्या अंतरावर, दुसरं जग होतं आणि तिथे मी श्रीमंत होते. मी वाकून तिच्या पायाला हात लावला. तिने मला उठवून बाजूला केलं, कारण तिला आता माप द्यायचं होतं.

ती पडद्यामागे गेलीच नाही. दुकानाच्या मधोमध उभी राहिली, हात पसरून. आईने तिचं माप घेतलं तेव्हा टेप गोंदणावरून जाताना ती किंचित उचलून नेत होती, रेषा दुखावतील असं काहीतरी वाटल्यासारखी. एवढ्या वर्षांत आईला मी कोणाचं माप इतकं सावकाश घेताना पाहिलं नव्हतं. सोनाबाईची एकच अट होती. "हे झाकलं नाई पाह्यजे." हे म्हणजे दोन्ही दंड आणि गळ्याखालची ठिपक्यांची माळ.

"आजी, व्हिडिओत सगळ्यायले दिसन ना," कांता कुरकुरली.

"दिसू दे तं. त्याच्यासाठीच काढला हाय."

आईने खांद्यावर दोन बोटांची पट्टी ठेवून, गळा रुंद उतरवून, बिनबाह्यांचा पोलका कापला. तसा गळा त्या पुस्तकात शेवटच्या पानांवर होता, आणि तो कधी कोणी मागितला नव्हता.

प्राचीला मी हे सगळं सांगितलं का? सांगितलं, आईच्या खाणाखुणांसह. ती फरशीवर बसून ऐकत होती. शेवटी तिने काय करावं? कोपरापर्यंतच्याच बाह्या शिवून नेल्या. मी मास्तरीण असल्याने भाषण जिभेवर तयार होतं, पण गिळलं. त्या वयात मला कोणी शंभर वेळा सांगितलं असतं तरी मी बाही वर केली नसती. आणि आजही एकत्र फोटो काढायची वेळ आली की मी हळूच कडेला, कोणाच्या तरी खांद्यामागे सरकते. अंगाशी दोस्ती एकदा झाली म्हणजे झाली, असं काही नसतं. रोज सकाळी पुन्हा ओळख काढावी लागते. जाताना प्राचीने आपला दंड डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि आईला म्हणाली, "माझ्याही हातावर मोर अर्धाच बसेल ना काकू?" पुन्हा हसली. या वेळी हसू बरंच वर, डोळ्यांपर्यंत गेलं.

कांताच्या लग्नाला आई आणि मी बसने गेलो. आईने त्या घेतलेल्या मापावरून मला ड्रेस शिवला होता, अर्ध्या बाह्यांचा. मी तो अंगात घालून घराबाहेर पडताना दारात दोनदा थबकले, आणि आई कुलूप हातात घेऊन उभी राहिली. वैनगंगेच्या पुलावर खिडकीतून वारा आला. उघड्या हातांवर वारा कसा लागतो ते मी विसरूनच गेले होते. अंगावर शहारा आला. पाण्याच्या कडेकडेने पांढरी वाळू तापत पडली होती आणि पलीकडे जंगलाची रेघ सुरू होत होती.

मी आईला विचारलं, "काऊन नाई सांगितलं मले? इतके वर्षं?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कायले सांगू? कपडा बसत होता. तू जेवत होती."

माझ्या वर्गातल्या दोघी जणी त्या वर्षी कॉलेजात चक्कर येऊन पडल्या होत्या, बारीक व्हायचं म्हणून दोन वेळचं जेवण सोडून. आईला ते माहीत होतं.

कांताच्या गावात मांडव जांभळाच्या हिरव्या डहाळ्यांचा होता. सोनाबाई पोलका घालून मधोमध बसली. व्हिडिओवाला आला तेव्हा तिने आपण होऊन दोन्ही दंड पुढे केले आणि त्याला मोर दाखवला, शेपटाबद्दल सांगितलं. शहरातल्या विहिणी पदर तोंडाला लावून कुजबुजल्या. पुढे त्यातलीच एक धाकटी हळूच आईला विचारून गेली की असा गळा शिवायला किती कापड लागतं. दुपारी ऊन चढलं तसा सोनाबाईने पोलका काढून मांडवाच्या खांबावर टांगला. "झाला ना व्हिडिओ?" म्हणाली, आणि पदर आवळून पंगतीत वाढायला उठली. तिला कोणी काही म्हटलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा ढोल वाजायला लागला आणि बायकांनी रेला नाच धरला. रेल्यात शेजारणीचा हात नुसता धरत नाहीत. तिच्या पाठीमागून हात घालायचा आणि तिच्याही पलीकडच्या बाईची कंबर पकडायची, म्हणजे ओळ तुटत नाही. कांताच्या मावशीने मला ओढलं. मी नाही नाही म्हणेपर्यंत दोन बायकांच्या मध्ये गेले होते. म्हाताऱ्या होत्या, पोरी होत्या, पोटुश्या होत्या, एक पाय ओढत चालणारी एक होती. सगळ्या अंगांना मोहाचा आणि घामाचा वास. माझा हात कोणाच्या तरी पाठीवरून पलीकडे गेला. आणि माझ्या कमरेवर एक हात आला, अंधाऱ्या खोलीतसुद्धा जिथे मी स्वतः हात ठेवत नव्हते तिथे. तो शेजारणीचा नव्हता, तिच्याही पलीकडून आलेला होता. कोणाचा, ते मला आजही माहीत नाही. त्या हाताने चाचपून पाहिलं नाही की आखडता घेतला नाही. ओळ पुढे सरकायची होती म्हणून त्याने माझी कंबर होती तेवढी सगळी घट्ट धरली, आणि मी पाऊल टाकलं.